तळाचा रस्सा

शरणपूर, नाशिक
३ मार्च २०२५

ति. ज्योत्स्नाताईस,
धाकट्या सुनीलचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टमनवर तरी तुझा राग नसावा.

यंदा पहिल्यांदा प्रभुभोजन घेणाऱ्या मुलांना शिकवायचं काम पाळकसाहेबांनी मला दिलंय. मी किती फुगलो असेन, तुला सांगायला नको. शनिवारी तुझी भावजय उज्वला पोळ्या लाटत होती, तिच्यापुढेच तालीम केली. शेवटच्या रात्री प्रभूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली, प्याला दिला आणि माझी आठवण म्हणून हे करत राहा असं सांगितलं. पहिले विश्वासी तर घरोघरी जमून पोटभर जेवायचे. पुढे करिंथ शहरात सुखवस्तू लोक आधी येऊन ताव मारू लागले आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहू लागले. मग प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून झाडलं, की जेवायला जमता तर एकमेकांसाठी थांबा. मी पौलापेक्षाही जोरात झाडलं.

उज्वलाने लाटणं न थांबवता विचारलं, की ते उशिरा आलेले पुन्हा कधी आले का.

ताई, नोव्हेंबरात आईच्या स्मरणाच्या जेवणाला येताना तुझी एसटी वणीला बंद पडली, आणि पाहुणे खोळंबतात म्हणून पंगत मीच बसवली. तू आलीस तेव्हा मटण संपलेलं. वर मी शहाण्याने सांगितलं, तळाला रस्सा आहे. तू नुसतं पाणी पिऊन परत गेलीस.

काल प्रभुभोजनात पेल्यांचा ट्रे आला, तो मी तसाच पुढे सरकवला. हातच उचलेना. उपासनेनंतर दोन बायकांनी माझ्या साखरेची चौकशी केली. वाढलीय म्हणालो, म्हणजे देवळाच्या दारात खोटंही बोललो.

चुकलो गं. सहा एप्रिलला पुन्हा प्रभुभोजन आहे. येशील?

लोभ आटला असेल, तर उरलाय तेवढा राहू दे.
तुझा,
सुनील

कळवण
१५ मार्च २०२५

चि. सुनीलस,
अ. उ. आ.

तू एकदाच पेला सोडलास. मी इथे चार महिने दर वेळी घेतला, आणि घेताना मनात तुला शिव्या घातल्या. तेव्हा करिंथकर मीही आहेच. सहा तारखेला पहिल्या गाडीने निघते.

लोभ तोंडाने नाही, वाढप्याच्या हाताने दाखव.
तुझी ताई

कळवण
८ एप्रिल २०२५

चि. सुनीलस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. परवा गाडी दिंडोरीला बंद पडली तेव्हा मी कंडक्टरशी भांडले आणि मग बाईमाणूस साठीची, रस्त्यात उभी राहून रडले. उपासना हुकली होती. तुम्ही जेवून मोकळे झाला असाल, असं धरून रागातच तुझ्या घरी आले. दुपारचे दोन वाजले होते.

टेबलावर ताटं पालथी, पातेलं झाकलेलं, तू भुकेने उज्वलावर खेकसत होतास. पाळकसाहेबांनाही तू उपाशी बसवून ठेवलेलं, भाकर आणि दोन पेले घेऊन. आजाऱ्यांना घरी येऊन देतात, तसं त्यांनी आपल्याला दिलं. ते ठीकच झालं, आपण दोघं आजारीच होतो. मग तू पहिला डाव मला वाढलास, वरचा. मीठ नेहमीसारखं जास्त होतं आणि मी तीनदा मागून घेतलं.

लोभ आहेच, मीठ तेवढं आवर.
तुझी ताई

ता. क. उज्वलाला सांग, ते उशिरा आलेले पुन्हा आले असणार. कोणी थांबलं असेल, तर.