उत्कर्ष थांबावा म्हणून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

३ ऑगस्ट, रविवार

जुना कॉम्प्युटर आज गेला. शिरपूरच्या रामकिसनरावांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मिक्सिंगला, म्हणजे कापून-जोडून गाणी बसवायला, घेतलं होतं. नवरी हार घेऊन उभी, नवरदेवाने मान पुढे केलेली — पडदा निळा, मग काळा. संपला कारभार. शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डात शाबूत आहे, तेवढं नशीब.

रिसोड तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या पोटातून गेली असतील. शेवटी शेवटी त्याला रंगच समजेनात. उन्हाळ्यात आमच्यातल्याच एका बौद्ध लग्नात नवरीची पांढरी साडी पेनड्राइव्हमध्ये आकाशी होऊन गेली. नवरीच्या आत्याचा फोन — "देवमनभाऊ, पोरीनं साडी कवा बदलली वो?"

रत्नमाला म्हणाली, "आता तरी नवा घ्या. तुमी दोघंही सोबतच म्हातारे झाले." दोघं म्हणजे मी आणि कॉम्प्युटर. संसाराला इतकी वर्षं झाली की असंच बोलतात.

५ ऑगस्ट

वाशिमला संघदीपच्या दुकानात जाऊन आलो. चुलतभावाचा पोरगा. कॉम्प्युटर दुरुस्तीत हुशार. मला वाटलं होतं, फ्रीजसारखं असेल — दाखवा, आवडला, टेम्पोत टाका. तर म्हणतो, "तयार डबा घेऊ नका काका. पार्ट निवडा, घरी जोडू. तुमच्याच हातानं जोडा."

पार्ट निवडणं म्हणजे सोयरीक जमवणंच आहे. प्रोसेसर एका घरचा अन् बोर्ड दुसऱ्या घरचा, तर बैठकच होत नाही. रॅमचा पाय बोर्डात बसला पाहिजे. ग्राफिक्स कार्ड डब्यात मावलं पाहिजे. आणि सगळ्यांना पुरेल इतका करंट देणारा एसएमपीएस हवा, म्हणजे घरचा कर्ता.

मग विचारलं त्याने, "नुसतं मिक्सिंग, का गेमपण?"

"गेमपण," म्हणालो. त्याने माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. मग वहीत लिहून घेतलं. संस्कार चांगले आहेत.

६ ऑगस्ट

इथे खरं लिहायला हरकत नाही. गेम उत्कर्षसाठी.

पोरगा पुण्यात कंपनीत लागल्यापासून घरी येतो तो दोन दिवस. त्यातला एक झोपेत. दुसरा मोबाइलमध्ये. मागे म्हणालो, अजून दोन दिवस थांब. तर म्हणे, "इथं करू काय बाबा?" खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. पुण्यात रूमवरची पोरं मिळून गेम खेळतात, त्याची फार आवड आहे त्याला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला येईलच. तेव्हा घरात गेम चालणारा कॉम्प्युटर असला तर आठ दिवस थांबेल. मला ते आठ दिवस पाहिजेत. बस.

रत्नमालाला सांगितलं नाही. हसेल, किंवा हसणार नाही. दोन्ही नको.

९ ऑगस्ट

उत्कर्षला फोन केला, कोणतं कार्ड घेऊ म्हणून. एरवी आमचं बोलणं म्हणजे "जेवले का बाबा", "हो", "आईले द्या". आज कान तापेपर्यंत बोलला! "मिक्सिंगले रॅम पायजे, गेमले कार्ड. दोन्ही मोठं घेतलं तर आई मोठे डोळे करन." मी कागदावर लिहून घेतलं. कागद नंतर हरवला.

१० ऑगस्ट

परत फोन केला. सगळं समजलेलं होतं. तरी विचारलं.

१७ ऑगस्ट

आज निवड पक्की करायची होती. संघदीप म्हणतो, तुमचं काम रंगाचं, मॉनिटर चांगला घ्या, कार्ड मधलं चालते. उत्कर्षपण फोनवर तेच — "बाबा, एवढं मोठं कार्ड कायले? तुमचं काम लहान्यावर भागते."

दोघांचं ऐकलं आणि मोठं कार्ड घेतलं. मॉनिटर साधा. साड्यांचे रंग काही दिवस अंदाजाने लावू. रत्नमालाला सांगितलं, या कार्डाने मिक्सिंग पटापट होतं. खोटं नाही ते. पूर्ण खरंही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

जोडला!

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. संघदीप बाजूला, उत्कर्ष व्हिडिओ कॉलवर, फोन तांब्याला टेकवून उभा. खुर्चीवर उभं राहून, एका हातात कॅमेरा धरून हळदी काढल्या आहेत मी, हात कधी हलला नाही. आज प्रोसेसर मात्र अंगठ्याने दाबायला निघालो. "दाबू नका काका, त्याले आपोआप बसू द्या." बसला. रॅम कट् आवाज करून बसली. कार्ड इतकं मोठं की डब्यात पाहुण्यासारखं ऐसपैस पसरलं.

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. शांतता.  संघदीपने मागे हात घालून एसएमपीएसचं बटण चालू केलं — तेच राहिलं होतं. पंखे फिरले, आत रंगीत लाईट लागले. रत्नमाला स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, "आतमधी मांडव टाकला का?" उत्कर्ष तांब्याजवळून खदाखदा हसला. खूप दिवसांनी ऐकलं ते.

३० ऑगस्ट

रामकिसनरावांचं मिक्सिंग चालू असताना कॉम्प्युटर आपोआप बंद. लाईट गेली नव्हती. पुन्हा लावला. पुन्हा बंद. नवरी अजून हार घेऊन उभीच.

२ सप्टेंबर

डबा मांडीवर घेऊन एसटीने वाशिम. कंडक्टर म्हणाला, पोराले घेऊन बसता तसे बसले तुमी. संघदीपने दिवसभर चालवला. एकदाही बंद पडला नाही. "काका, याले काईच झालं नाई." संध्याकाळी परत रिसोड. घरी लावला, जेवून येतो तर बंद.

५ सप्टेंबर

काल परत वाशिमला नेला, संघदीपने एसएमपीएस बदलून दिला. तरी तेच. आज फोनवर त्याला नको ते बोललो. खराब माल गळ्यात मारला म्हणालो.  दसरा जवळ येतोय आणि माझं डोकं फिरलंय. पोरगा येईल, गेम लावेल, मध्येच बंद पडेल, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरेल — रोज हेच दिसतं.

७ सप्टेंबर, रविवार

उत्कर्ष म्हणाला, व्हिडिओ कॉल करा, चालू असताना दाखवा. फोन फिरवला.

"बाबा, हे काय घातलं त्याले?"

"कवर," रत्नमाला मागून म्हणाली. "मीच शिवलं. मार्केट यार्डाची सारी धूळ आपल्याच घरात येते."

आमच्या घरात फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर. रिमोट तर प्लास्टिकमधून कधी बाहेरच आला नाही. याला तिने जुन्या पडद्याचं शिवलं होतं, झालरीसकट. पुढे बटणापुरतं आणि पेनड्राइव्हपुरतं भोक, तेही काजं करून. इतकं नीट शिवलेलं की ते काढून काम करावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही! वाशिमला नेताना मात्र घडी करून घरी ठेवत होतो. चांगलं कव्हर, एसटीत मळेल म्हणून.

"आई, त्याचे पंखे गुदमरून राह्यले. तापते तो, म्हणून बंद पडते. काढ ते."

काढलं. रामकिसनरावांच्या मुलीने हार घातला एकदाचा.

संघदीपला फोन करून चुकलो म्हणालो. "राहू द्या ना काका," म्हणे. "माही आई दुकानातल्या प्रिंटरले कवर घालते." खूप बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

उत्कर्षचा आवडता गेम उतरवून ठेवला. आपलं नेट, म्हणजे तीन दिवस उतरत होता. चालतो का पाहावं म्हणून स्वतः खेळलो. जिन्याखाली उभा होतो, मागून कोणीतरी गोळी घातली. पुन्हा खेळलो, पुन्हा जिन्याखालीच मेलो. रत्नमाला दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "पोरासाठी घेतला ना हा?"

तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मिक्सिंगचं कार्ड म्हणे!

२५ सप्टेंबर

फोन. "दोनच दिवस येतो बाबा." मी म्हणालो, गेम टाकून ठेवलाय. त्याने आईची तब्येत विचारली. मग म्हणाला, "बरं."

३० सप्टेंबर

आला! दोन मोठ्या बॅगा. एक आईचे डबे न्यायला असेल. बारीक झालाय. कॉम्प्युटरवरून हात फिरवला, आतल्या वायरी पाहिल्या, "मस्त जोडला बाबा" म्हणाला.

३ ऑक्टोबर

काल नागपूरहून उशिरा आलो. गर्दी मोप. पाय अजून दुखतात.

गेम त्याने एकदाच लावला आणि लगेच बंद केला. आज दुपारभर माझ्या बाजूला बसून मिक्सिंग बघत होता. हे कसं कापता, गाणं कसं बसवता, एका लग्नाला किती दिवस लागतात. मी सांगत गेलो. गेमपेक्षा इथे रमला, काय सांगावं.

४ ऑक्टोबर

दोन दिवसांचे चार झाले, आज संध्याकाळची पुण्याची ट्रॅव्हल्स होती. उत्कर्ष गेला नाही. जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, "बाबा, मी आता वापस जात नाई. कंपनीनं जूनमधीच काढलं मले. रूम सोडून आलो." म्हणजे मी कार्ड-कार्ड करत फोन करत होतो, तेव्हा हा तिथे काम शोधत फिरत होता.

रत्नमाला रडली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, होईल काहीतरी म्हणालो. पण त्याच्या आधी, तो "वापस जात नाई" म्हणाला तेव्हा, मला आनंद झाला होता.