डोळा धरला का
बाबा, जहाजाची फेरी काल संपली. पाहुणे सामान घेऊन उतरले. आमच्या साहेबाला आज सांगायचं आहे, पुढच्या सीझनला राहतो की घरी जातो. मोहगावहून ताई लिहिते, आता तरी ये. म्हणून विचार करायला या जेनोवा गावात एकटाच फिरून राहिलो. जुनं बंदर आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात, वर उंच घरं, भरदुपारी खाली अंधार. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडाचं एक मोठं चर्च आहे. आत जाऊन बसलो, काहीच वाटलं नाही. चढण चढून गेलो तर एका लहानशा चौकात संत्र्याचं झाड, फळांनी लदलेलं, आणि कोणी हात लावत नाही.

तुम्ही शिकवलं तसं फळ दाबून पाहिलं. साल घट्ट. नखानं सोलून फोड तोंडात टाकली तर कडू जहर. बाकड्यावरची म्हातारी हसली, तिच्या भाषेत काही बोलली. टोमणाच असेल, पण कितीतरी दिवसांनी कोणी माझ्याकडे पाहून हसलं.

सौंसरचा तो मळा आठवला. तुम्ही कलमं बांधता: जंबेरीच्या, त्या रानटी लिंबाच्या रोपाला चीर देता, संत्र्याच्या काडीवरचा डोळा त्यात बसवता, केळीच्या सोपटानं बांधून पुढं सरकता. मी मागून येतो आणि धरला का म्हणून सोडून पाहतो. मी बांधलेला एकही डोळा जगला नाही. तुम्ही मारलं नाही. एवढंच म्हणाले, "तू खोलून खोलून पायतं, बाप्पा. मंग तो धरन कसा?" डोळा मेला की खालची जंबेरीच वाढते. झाड हिरवंगार, फळ तोंडात धरवत नाही.

तुम्ही गेले आणि मी पांढुर्ण्याहून गाडी पकडली. नागपूरचं हॉटेल, मुंबईची गोदी, आता हे जहाज. कुठं जरा जीव लागला की मीच उठून निघतो. घरी जायचं म्हटलं की एकच विचार येतो. तिथंही नाही धरलं, तर मग जायला जागा कोणती?

हा कागद खिशातच राहील. खरं सांगतो, विचार करायला म्हणून निघालो ते खोटं. उतरायच्या आधीच साहेबाला 'राहतो' म्हणून आलो होतो. ते कडू फळ मात्र सगळं खाल्लं.