वाचून न दाखवलेली ओळ

अण्णा, काल नांदेडला डॉक्टरांनी आईला तुमचीच गोळी लिहून दिली, रक्त पातळ करणारी. रक्त कधी तपासायचं, दुखण्यावरची कोणती गोळी चालत नाही, काय दिसलं तर लगेच यायचं, मी सगळं चारदा विचारलं. "ताई, तुम्ही वकील आहात का?" डॉक्टर हसले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या अण्णाला कुणी एवढं सांगितलं असतं, तर माणूस राहिला असता गं." मी रिक्षा बघायच्या निमित्ताने पुढे गेले.

भूकंपात भिंतीखाली सापडलेला तुमचा पाय इतक्या वर्षांनी सुजला, आत गुठळी निघाली, आणि लातूरच्या दवाखान्यातून तुम्ही घरी आलात. तेव्हा माझी दहावी झालेली, लातूरला क्लास लागलेला, घरात शिकलेली मी पहिलीच. काका आणि शेजारी ओट्यावर बसलेत आणि मी दवाखान्याचा कागद मोठ्याने वाचतेय. रोज संध्याकाळी एक गोळी, जेवणानंतर. खाली इंग्रजीत एक लांब ओळ आहे, तिच्यातले शब्दच मला येत नाहीत. "अजून काय लिवलंय, माय?" तुम्ही विचारता. "काही नाही, आराम करा." तुम्ही काकांना म्हणता, "बघा, कशी फाडफाड वाचती!"

तीन आठवड्यांनी तुम्ही फोनवर म्हणालात, हिरड्यांतून रक्त येतंय. दात हळू घासा, मी म्हणाले. चार दिवसांनी तुम्ही डोकं धरून खाली बसलात. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

काकांनी वकील गाठले. ते म्हणाले, दोन वर्षांच्या आत ग्राहक मंचात तक्रार करता येते. धोका रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगायला हवा होता, रक्त तपासायची तारीखही कुणी दिलेली नाही. मी फक्त शपथपत्रावर लिहून द्यायचं, की 'रक्त दिसलं तर लगेच या' ही त्या कागदावरची इंग्रजी सूचना घरात कुणालाच वाचता आली नाही.

"खरंच हाय की," काका म्हणाले.

"मला आली होती," मी म्हणाले. "खोटी सही करणार नाही."

"लई खरी झाली बाई!" काका चिडून उठले. मुदत निघून गेली. त्या डॉक्टरांना कुणी कधी काही विचारलंच नाही. काका अजून म्हणतात, पोरगी कोर्टाला भ्याली. आई म्हणते, माझी लेक खोटं बोलत नाही.

अण्णा, त्या शपथपत्रातला शब्द न् शब्द खरा होता. ती ओळ मला वाचता आली नव्हती, आणि चारचौघांत तसं लिहून द्यायची मला लाज वाटली. आज हे आईला सांगायचं ठरवून तिच्याजवळ बसले होते. मग उठले आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला सांगणं सोपं आहे.