लक्ष्मणफळाच्या पानांचे सात लॉट

नंगनल्लूर, चेन्नई
शनिवार

तीर्थस्वरूप अण्णांस सरोजाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींच्या डोळ्यांत थेंब घालायचं चालू आहे ना, हे आधी विचारून घेते, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी उद्धट म्हणायला नको. फोन केला नाही, कारण आमचे हे शेजारच्या खोलीतून सगळं ऐकतात. (एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही.)

तुम्ही तंजावरहून पाठवलेल्या लक्ष्मणफळाच्या पानांच्या सातही पिशव्या पोचल्या. झाड मूळचं दूरदेशीच्या वर्षावनातलं आहे आणि पानांचा काढा गाठ विरघळवतो, असं तुम्ही मायेनं लिहिलंत. पण अण्णा, लिहिलंत कुणाला? इरुंगाट्टुकोट्टैच्या ब्रेकच्या कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासलेल्या माणसाला. यांच्या डाव्या मूत्रपिंडात लिंबाएवढी कर्करोगाची गाठ आहे. अजून पसरलेली नाही, आत्ता काढली तर पूर्ण बरं व्हायची चांगली आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. आणि हे दोनदा तारीख पुढे ढकलून स्वयंपाकघरात पानं मोजत बसलेत.

मोजत म्हणजे खरोखरच मोजत, निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या कॅलिपरनं. बारा सेंटिमीटरच्या आतलं पान नापास, त्याच्या देठाला लाल चिठ्ठी. पास पानांचे डबे, डब्यांवर हिरवी चिठ्ठी, तारीख आणि लॉट नंबर. (माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्याचं झाकण सैल निघालं म्हणून त्यालाही लाल चिठ्ठी लागली. त्या दिवशी सांबार झालं नाही.) पानाची लांबी, जाडी, उकळायची मिनिटं, सगळं वहीत आहे. गाठ कमी झाली का, हा रकानाच नाही. मी तो आखून द्यायला गेले तर वही उचलून ठेवली. मंगळवारी काढा दुप्पट घेतला, वर रक्तदाबाची रोजची गोळी, आणि ओट्यापाशी खाली बसले. पडले असं लिहवत नाही. वरचा आकडा नव्वदच्याही खाली गेला होता. मी पाय वर धरून बसले होते, आणि डोळे उघडल्यावर यांनी पहिलं काय विचारलं, तर लॉट कोणता होता.

मग लावण्या आली. (आमची धाकटी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, पण घरात तिचं ऐकतो कोण.) तिनं या झाडावरचे शोधनिबंध काढून यांच्यापुढे ठेवले. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी या पानांच्या अर्कानं मरतात, हे खरं आहे म्हणाली. उंदरांवरही थोडंफार दिसलंय. ते ऐकून यांचा चेहरा असा काही खुलला की मला लेकीचाच राग आला. पण ती थांबली नव्हती. "अप्पा, बशीतल्या पेशी फिनेलनंपण मरतात. या पानांनी माणसाची गाठ गेली, असं दाखवणारी नीट चाचणी कुठंच नाही. नुसता चाचणीच्या बेंचवर पास झालेला ब्रेक तुम्ही गाडीला लावू दिला असता?" यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा काढला. "सेरी, बरोबर," म्हणाले, "नसता दिला. पण सप्लायरचं पत्र कुठंय?" लावण्या उठून गेली.

असो. माझं काही मागणं नाही, मन मोकळं केलं एवढंच. वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
सरोजा

ता.क. मागणं नाही म्हटलं ते खोटं. यांच्या कारखान्यात एकदा हिरवी चिठ्ठी लागलेला माल थांबवायचा, तर माल पाठवणाऱ्यानं तो सहीनिशी परत मागवावा लागे. फोनवरचं बोलणं चालत नसे. तेव्हा अण्णा, कागदावर एवढंच लिहा, की एक ते सात लॉट परत मागवत आहे. खाली सही आणि तारीख. गुरुवारी भरती व्हायचं आहे, शुक्रवारी शस्त्रक्रिया. पत्र बुधवारपर्यंत पोचवा आणि मी सांगितलं हे यांना कळू देऊ नका. तिसऱ्यांदा तारीख ढकलली तर काय होईल, ते मला लिहायचं नाही.

ता.क. २. अण्णांस नारायणस्वामीचा नमस्कार. या घरातून बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट मी उघडून तपासतो, हे सरोजाला चाळीस वर्षांत कळलेलं नाही, कळवूही नका. मजकूर पास केला आहे. एकच दुरुस्ती: मंगळवारी मी पडलोच होतो. पानांना नावं ठेवू नका, पानं चांगली आहेत, नुसती परत मागवा. टेबलावर झोपायची मला फार भीती वाटते, अण्णा, आणि पानं मोजताना तेवढा वेळ ती वाटत नाही. तुमचं पत्र आलं की मोजायला काही उरणार नाही. बुधवारच्या पुढे जाऊ देऊ नका. सातही पिशव्या बांधून दाराशी ठेवल्या आहेत.