गौरीच्या फॉर्मवरचं नाव

प्रिय अक्का,

चारचौघांत मी तुला, माझ्या थोरल्या जावेला, 'तुम्ही' म्हणायचे आणि स्वयंपाकघरात 'तू'. इथं तूच म्हणते. आज एक लबाडी करून आलेय, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बालवाडीच्या फॉर्मवर तुझ्या गौरीच्या आईचं नाव म्हणून मी माझं नाव लिहिलं!

रागावलीस? रागाव. मी तर तुझ्यावर चार वर्षं जळतेय.

आपण दोघी एकदमच गरोदर. तुझं पोट सातव्यातच नवव्या महिन्याएवढं. सासूबाई, आपल्या अव्वा, आल्यागेल्याला सांगायच्या, "थोरलीला जुळं हाय बगा!" माझ्या पोटाकडं कुणी बघेना. मग मी तांब्याच्या तांब्या पाणी प्यायले, पोट वाढावं म्हणून! वाढल्या त्या संडासाच्या खेपा. किती हसली होतीस गं तू!

एकदा तू म्हणालीस, "महानंदा, आडवं झालं की लई दम लागतोय गं." मी फटकन बोलले, "मोठं पोट मिरवायचं तर एवढं सोसायचं की!" असं कसं बोलवलं मला? अव्वांनी मीठ-मिरच्या ओवाळून तुझी दृष्ट काढली. दृष्ट माझीच असणार, असं मला वाटत होतं. दवाखाना आमच्यापैकी एकीलाही सुचला नाही.

उशिरा सोनोग्राफी केली, तर बाळ एकच आणि बाकी सगळं गर्भजल. दोनच दिवसांत पाणी फुटलं, गौरी आठव्यातच आली. इतकी ताणलेली गर्भपिशवी आवळलीच नाही, रक्त थांबेना. तू गेलीस. पोटातलं बाळ ते पाणी गिळत असतं म्हणे. गौरीची अन्ननलिका अर्धवट होती, तिला गिळताच येत नव्हतं, म्हणून पाणी साठत गेलं. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन झालं. दृष्टबिष्ट काही नव्हतं, अक्का.

माझा विरू आपापला जेवायला शिकला. गौरीला मात्र एकेक घास मी भरवला. भाकरी दुधात कुस्करायची, घास अडकला की पाठ चोळायची, खोकला थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला! आणि ती मला काय म्हणते? काकू! सकाळी उठली की तुझ्या फोटोपुढं, "आई, उठले गं मी!" काहीही न करता आई झालीस तू! काहीही न करता कसं म्हणू? जीव दिलास, कळतं मला. तरी जळते.

फॉर्म देऊन परत येताना रिक्षात ती म्हणाली, "काकू, बाईंनी आईचं नाव इचारलंच न्हाय. मला येतंय की. शिवलीला!" मला तिच्याकडं बघवेना.

सोमवारी जाऊन माझं नाव खोडते आणि तुझं लिहिते. मोठी होऊन ती विचारेल, तेव्हा तू तिची किती वाट बघितलीस, सगळं सांगेन. जळत जळत सांगेन, पण खरं सांगेन.

तुझी धाकटी जाऊ,
महानंदा