उणे पंधराला पाणी

कसबा बावडा, कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९८५

प्रिय यज्ञेश्वरदादा,

नमस्कार. माईचा गुडघा तसाच आहे. कारखान्याचं गाळप सुरू झालंय. हे पत्र गोव्याच्या बोटीबरोबर तुझ्या अंटार्क्टिकाला पोचेल. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितेय.

ढगांचं काय झालं, असं तू विचारलं होतंस. पुण्याचं आमचं हवामानाचं गणित तिकडचे सगळे ढग बर्फाचे धरतं. बर्फाचा ढग विरळ असतो, जमिनीची ऊब त्यातून निसटते, म्हणून उत्तर नेहमी फार थंड येतं. तू वायरलेसवरून पाठवलेल्या नोंदी वेगळं सांगत होत्या. ढग आला की तापमान चढतं आणि तुमच्या तळावरच्या खांबावर बर्फाचा थर बसतो. म्हणजे उणे पंधरा अंशालाही ढगात पाणीच असतं. कशावर आपटलं की जागीच गोठतं. गणितात ही दुरुस्ती बसवायला मला आठ महिने लागले. त्या दुरुस्तीची, संगणकासाठी पंच केलेली कार्डं तपासायला म्हणून दिवाळीत सासरी नेली होती. दुसरी प्रत नव्हती.

पहिल्या आंघोळीला तुझ्या मेहुण्यानं, हंबीररावांनी, त्या कार्डांवर बंब पेटवला. मी उटणं कालवत होते.

"चिपाडापरास झ्याक जळत्यात की! आता पुण्याला जायचं कारणच न्हाय तुला."

मी जाळात हात घातला. त्यांनी लोखंडी चिमटा मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी पुन्हा हाणला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सणासुदीचं रगात नगं घरात. भाईर ने तिला."

मी थंड डोक्याची आहे, असं तू सगळ्यांना सांगतोस. मीही तेच धरून चालले होते. डाव्या हातानं कढत पाण्याचा तांब्या भरला आणि त्यांच्या तोंडावर फेकला.

त्यांचा एक डोळा अजून उघडलेला नाही. बंब उलटला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मीही तेच सांगितलं. आमचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

माई म्हणते, "जाऊन पाय धर त्याचं. दादाचा दोस्त हाय त्यो, दादाला काय वाटंल?" मला परत धाडायचं की नाही, हे तिनं तुझ्या तारेवर सोडलंय. स्थळ तूच आणलं होतंस.

तार करायची तर माईला कर. ती येईपर्यंत मी थांबणार नाही, येत्या सोमवारीच पुण्याला जातेय. कार्डं पंच करायला एक हात पुरतो. तू खांबावरचा बर्फ तेवढा मोजत राहा.

पाकिटावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाही, आपल्या अण्णांचं नाव लावलंय. यापुढे तेच लिहीत जा.

तुझी,
कालिंदी गणपतराव नेसरीकर