विठाबाईच्या दारात बंद केलेला आवाज

मी, गौस मीरासाहेब नदाफ, वय वर्षे चौसष्ट, धंदा साऊंड सिस्टीम भाड्याने देणे (आता बंद), राहणार गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयात, त्याचे दवाखान्याचे कागद सोबत जोडले आहेत. कानाला कमी ऐकू येतं, पण या धंद्यात ते सगळ्यांचंच होतं. कुणाचा दाब नाही, नशापाणी मी कधी केलं नाही. मजकूर मी सांगितला, ॲड. वर्षाराणी यांनी टाईप केला आणि कानाशी येऊन मोठ्याने वाचून दाखवला. मधे मधे जे घरगुती बोललो ते काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. राहू दे म्हणालो.

कलम १. राहतं घर व मागची जागा. मुसलमानाला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, असं वर्षाराणीबाईंनी समजावलं. बरंच झालं. घराचे वाटे शरियतने आधीच ठरवून ठेवलेत, तिथं माझ्या अकलेची गरज नाही. पत्नी हाफिजा, मुलगा काशिफ, मुलगी तहरीम यांनी आपापला हिस्सा घ्यावा. एक विनंती आहे. हाफिजा आहे तोवर तिला पुढच्या खोलीतून हलवू नये. रस्त्यावरची ये-जा बघत भाजी निवडायची तिला सवय आहे. मागच्या खोलीत टाकलीत तर ती झुरून जाईल.

कलम २. सामान. मोठे बॉक्स आणि जनरेटर विकले गेले, त्याचं कारण पुढं येईल. उरलंय ते असं. पिकअप गाडी काशिफला. त्याने तिच्यातून भाजी न्यावी, पेंड न्यावी, पण साऊंड चढवू नये. लहान स्पीकरची जोडी तालमीला, गणपतीत आणि मोहरमात दोन्हीकडं वापरावी. हातातला माइक तहरीमला. ती शाळेत शिकवते आणि रोज घसा बसवून घेते. मिक्सर ज्ञानूला. ज्ञानू कुंभार माझा ऑपरेटर, धंदा बसल्यावरही यायचा आणि बंद मिक्सर पुसत बसायचा. त्याला आता मिक्सरचा काय उपयोग, असं काशिफ म्हणाला. उपयोग काही नाही, तरी तो त्यालाच द्यावा.

कलम ३. धंद्याचं नाव. श्री. गणपतराव बंडू धनवडे हे आमच्या गल्लीतले शेतकरी. श्री. म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण मी त्याला जन्मभर गणप्या म्हणालो. एका तालमीत अंगाला माती लावली, मोहरमात पीराचा एकच पंजा दोघांनी मिळून नाचवला. मी पहिले बॉक्स घेतले तेव्हा माझ्याकडं गाडी नव्हती. त्याने उसाची ट्रॉली धुऊन दिली आणि ट्रॅक्टरही स्वतः चालवला. त्याच वर्षी त्याला मुलगी झाली, स्वप्नाली. मी बॉक्सवर नाव रंगवून घेतलं, स्वप्नाली साऊंड. बारशाला पेढे त्याने वाटले आणि साऊंड मी बिनपैशाचा वाजवला. हे नाव माझ्यामागं कुणी वापरू नये, विकू तर अजिबात नये.

कलम ४. वाद. हे कलम लांबलंय, त्याला इलाज नाही.

याच स्वप्नालीच्या लग्नाची वरात २०१९च्या मे महिन्यात होती. पोरगी शिरोळला दिलेली. मी पिकअपवर उंच बसलो होतो, म्हणून गल्लीच्या तोंडाचं विठाबाईचं दार मला आधी दिसलं. उंबऱ्यापाशी शेणीचा धूर, दारात बायका खाली माना घालून बसलेल्या. गेली होती ती विठाबाईच, एकटी राहणारी म्हातारी. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिने बाळपणी न्हाऊ घातलं, त्यात स्वप्नालीही आली. मी आवाज बंद केला. मयतीच्या दारावरून वाजवत जायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत आलो. दार मागं पडलं की परत सुरू करायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

पण वरातीत साऊंड मधेच थांबला की लोक एकच समजतात. पार्टीने पैसे दिले नाहीत आणि डीजेवाल्याने अडवून धरलंय. आमच्यातले बरेच जण तसं करतात, खोटं कशाला सांगू. माइकवर कारण सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मयतीच्या दारात माइकवर बोलायचं तरी काय? नवऱ्याचा एक चुलता मोठ्याने म्हणाला, “डीजेला द्यायला बी पैसं न्हाईत व्हय सोयऱ्याकडं?” सगळे हसले. गणपतरावचं तोंड मी वरून बघितलं. मग बाचाबाची झाली, दगड आला, सामान फुटलं आणि शिरोळचे पाहुणे न जेवता गाड्यांत बसले. दगड कुणी मारला ते मला माहीत आहे. त्याला माफ केलं असं लिहूया, असं वर्षाराणीबाई म्हणाल्या. लिहू नका म्हणालो. केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणपतराव दारात आला, आत आला नाही. “विठाबाईच्या भावकीतल्या माणसांनीच मला सांगितलंतं, कार्य थांबवू नगा म्हणून. तुला कुणी सांगितलंतं बंद कराय? पोरीला आता जन्मभर ऐकून घ्यावं लागंल, गौश्या.”

खरं होतं त्याचं. विठाबाईच्या माणसांचं मला माहीत नव्हतं, आणि पोरीला पुढं सासरी ऐकून घ्यावं लागलंच. चहा पिऊन मिटलं असतं, पण चहाला बसवायचं कुणी कुणाला? तो ग्राहक आयोगात गेला. कागदावर आलं, गणपतराव बंडू धनवडे विरुद्ध स्वप्नाली साऊंड. बापाने स्वतःच्या पोरीच्या नावावर केस घातल्यासारखं ते दिसायचं. त्याच्या वकिलाने मला विचारलं, मयत दिसली तर आवाज बंद करणार, असं पावतीवर कुठं आहे? नव्हतं. हे छापून घ्यावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. निकाल माझ्याविरुद्ध गेला आणि भरपाई भागवायला मोठे बॉक्स आणि जनरेटर गेले. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. पैसे घेतले आणि काम अर्ध्यात थांबवलं, कागदावर तेवढंच दिसत होतं. स्वप्नालीला मात्र साक्षीला कुणी बोलावलं नाही. नवरीला काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

सामान फुटलं तर जबाबदारी पार्टीची, हे पावतीवर छापलेलं होतं. त्यावरून काशिफने मला गणपतरावविरुद्ध दिवाणी दावा लावायला लावला. तो अजून चालू आहे. तारखेला आम्ही दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो. एकदा त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाण्याची बाटली सरकवली. त्याने ती घेतली नाही आणि तो खोकतच राहिला. घरी येऊन मी रडलो, हाफिजाला विचारा. त्या दिवसापासून मला या दाव्याचा वीट आला आहे.

कलम ५. सबब, सदर दाव्यातले माझे सर्व हक्क मी गणपतराव बंडू धनवडे यास देत आहे. म्हणजे माझ्यानंतर गणपतरावविरुद्धचा दावा गणपतरावच्याच मालकीचा. त्याला स्वतःवर चालवायचा असेल तर खुशाल चालवावा. वर्षाराणीबाई म्हणाल्या, त्यापेक्षा आजच मागं घ्या. मागं घेतला तर तो म्हणेल गौश्या भ्याला. दिलेली वस्तू नको असेल तर ती नको म्हणायला तरी त्याला माझ्या घराची पायरी चढावी लागेल. तेव्हा मी घरात नसेन, हे मला कळतं. हाफिजाने त्याला आत बसवावं आणि चहा करावा. साखर जास्त लागते त्याला.

काशिफ यावर चिडला. “अब्बा, आपण मातीत गेलो आन् तुम्ही त्यालाच देताय?” असं म्हणाला. तरी त्याने खाली सही केली आहे. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

कलम ६. माझा जनाजा आमच्या गल्लीतूनच जाईल, दुसरी वाट नाही. त्या दिवशी गणपतरावकडं काही कार्य असलं आणि साऊंड चालू असला, तर तो बंद करा म्हणून कुणी सांगायला जाऊ नये. काशिफने तर नाहीच नाही. काय करायचं ते गणपतराव ठरवील. खांदा द्यायला आला तर त्याला पुढची बाजू द्यावी. पंजा धरतानाही तोच पुढं असायचा.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, आणि आता करायला वेळ मिळेल असं वाटत नाही. वारसांना दिलेल्या वस्तूंसाठी बाकीच्या वारसांची संमती घेतली आहे.

ठिकाण: गडमुडशिंगी. दिनांक: ९ डिसेंबर २०२४.

लिहून ठेवणार: गौस मीरासाहेब नदाफ (सही)

संमती: हाफिजा गौस नदाफ (अंगठा), काशिफ गौस नदाफ (सही), तहरीम गौस नदाफ (सही)

साक्षीदार १. ज्ञानू दत्तू कुंभार, राहणार गडमुडशिंगी (सही)

दुसऱ्या साक्षीदाराची जागा गणपतरावसाठी ठेवून ज्ञानूबरोबर निरोप धाडला होता. दुपार टळेपर्यंत वाट बघितली. तो आला नाही. माहेरी आलेली स्वप्नाली आली, धाकट्याला कडेवर घेऊन. तिला सगळं वाचून दाखवलं. सही करण्याआधी ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत घालायला मी सांगितलं:

“चाचा, मी गाडीत बसलोतो. विठाआजीचं दार मला बी दिसलंतं. आता हितनं वाजवत जायचं व्हय, असं वाटलंतं मला. तुम्ही बंद केलं तवा मी हात जोडलं. पर मला कुणी इचारलंच न्हाय, आन् मी बी कुणाला सांगितलं न्हाय. आबा घरातच हाईत. मगाधरनं दारात हुभं राहून तुमच्या घराकडं बघाय लागल्यात.”

साक्षीदार २. सौ. स्वप्नाली सचिन चौगुले, राहणार शिरोळ (सही)

साक्षीदार ३. कायद्याला दोन पुरे आहेत. ही जागा लिहून ठेवणाऱ्याच्या सांगण्यावरून मोकळी ठेवली आहे.